बुडखा, पहार आणि बॅकहो : नाशिक जिल्ह्यातील जमीन-सफाईच्या साधनांचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

शेतीच्या इतिहासलेखनात पीक, पाणी, सारा आणि कर्ज या चार विषयांना मोठे स्थान लाभले आहे. जमीन पेरणीयोग्य करण्यासाठी जे श्रम आधी करावे लागतात, त्यांच्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. झाड तोडल्यानंतर जमिनीत उरणारा खोडाचा व मुळांचा भाग, म्हणजेच बुडखा काढणे, हे या श्रमांतील सर्वांत कष्टाचे काम. पहार, टिकाव आणि कुऱ्हाड यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले हे काम आज ट्रॅक्टरच्या मागे बसविलेली द्रवचालित खोदणी-भुजा, म्हणजे बॅकहो, काही मिनिटांत उरकते. कारखान्यात तयार झालेल्या मोठ्या यंत्रांबरोबरच गावोगावच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये, जुन्या पोलादातून आणि भंगारातील सुट्या भागांतून घडविलेली अशी जोडसाधने देशाच्या अनेक भागांत वापरली जातात.

प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात या साधनांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. बुडखा हा निसर्गाने निर्माण केलेला अडथळा नसून शेतीपद्धतीने निर्माण केलेला अडथळा आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय. शेतीचे अवजार बदलले की बुडख्याचा अर्थही बदलतो. आणि प्रत्येक नवे अवजार आपल्याबरोबर त्याला काढून टाकण्याची नवी निकड घेऊन येते. गावच्या शेडमध्ये तयार होणारा बॅकहो हा या साखळीतील अलीकडचा दुवा आहे.

बुडखा अडथळा केव्हा ठरला?

नाशिक जिल्ह्याचे भौगोलिकदृष्ट्या दोन ठळक भाग पडतात. पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हा सह्याद्रीच्या माथ्यावरील, भरपूर पावसाचा व वनाच्छादित प्रदेश. तर पूर्वेकडील निफाड, सिन्नर, येवला, चांदवड, मालेगाव हा कमी पावसाचा व बऱ्याच अंशी काळ्या जमिनीचा देश. या दोन भागांत बुडख्याकडे पाहण्याची दृष्टी मुळातच वेगळी होती.

पश्चिमेकडील डोंगरउतारावर नागली आणि वरई ही पिके राब आणि दळी या पद्धतींनी घेतली जात. राब पद्धतीत झाडांच्या फांद्या छाटून त्या जमिनीच्या लहान तुकड्यावर पसरून जाळल्या जातात व त्या राखेत रोपे तयार केली जातात. येथे झाड मारणे हा हेतूच नसतो. उलट पुढील वर्षी त्याच झाडाला नवे धुमारे फुटावेत, अशी अपेक्षा असते. दळी पद्धतीत डोंगराचा तुकडा साफ करून राखेत बी टाकले जाई आणि काही वर्षांनी तो तुकडा पडीक सोडला जाई. बी बुडख्यांच्या मधोमध पेरले जाई. नांगर फिरवायचा नसल्याने बुडखा अडत नसे. सागासारख्या झाडाचा जिवंत बुडखा पुन्हा फुटून येतो, म्हणून तो पुढील काळाची ठेवच असे. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्या, फिरत्या शेतीवर निर्बंध आले आणि स्थिर, नांगरटीची शेती हीच ‘खरी’ शेती मानली जाऊ लागली. या बदलाबरोबरच पश्चिम भागातही शेतातील बुडखा काढून टाकण्याचा प्रश्न उभा राहिला.

पूर्वेकडील देशावर नांगरटीची शेती जुनीच होती. तथापि तेथेही दरवर्षी खोल नांगरट करण्याची प्रथा सार्वत्रिक नव्हती. वार्षिक मशागतीचा भार प्रामुख्याने कुळवावर असे. कुळवाची फास जमिनीच्या वरच्या थरातूनच चालते. त्यामुळे खोलवरच्या मुळांशी तिचा संबंध येत नाही. जड लाकडी नांगराला बैलांच्या अनेक जोड्या लागत, म्हणून खोल नांगरट काही वर्षांच्या अंतराने होई. त्यामुळे शेतात एखादे झाड किंवा त्याचा बुडखा असणे शेतकऱ्याला फारसे खटकत नसे. बैल शिकलेले असत आणि नांगऱ्या हाताने नांगर उचलून बुडख्याला वळसा घालीत असे.

शिवाय झाडाचा उपयोगही अवजाराशी बांधलेला होता. बांधावरची बाभूळ ही सुताराची कोठी होती. नांगर, कुळव, गाडीची चाके यांसाठी लागणारे चिवट व टणक लाकूड तिच्यापासूनच मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारी व्यवस्थेत सुतार आणि लोहार हे शेतकऱ्याच्या अवजारांचे घडविणारे व सांभाळणारे होते. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. याचा अर्थ असा की, बांधावरचे झाड, त्यापासून होणारे अवजार आणि ते घडविणारा कारागीर हे तिन्ही एकाच शिवारात नांदत होते.

लोखंडी नांगर आणि मुळांचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमिनीत विष पसरेल, अशी शंका शेतकऱ्यांनी घेतल्यामुळे पहिले काही नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना झाली आणि पुढे हा नांगर महाराष्ट्रभर पसरला. काळ्या जमिनीतील हरळी व कुंदा यांसारखी खोल मुळांची तणे काढण्यासाठी तो विशेष उपयुक्त ठरला.

या नांगराने जमिनीचा खालचा थर वर आणला. पण त्याचबरोबर एक नवी अडचणही वर आणली. लाकडी नांगर बुडख्याला अडला तर बैल थांबत, नांगऱ्या नांगर मागे घेई. फार तर फाळ वाकडा होई आणि गावचा लोहार तो सरळ करून देई. ओतीव लोखंडाचा फाळ मात्र ठिसूळ असतो. तो बुडख्यावर आदळला तर तुटतो आणि तुटलेला ओतीव भाग भात्यावर तापवून जोडता येत नाही. नवा विकत आणावा लागतो. म्हणून लोखंडी नांगर वापरणाऱ्याला शेत आधी साफ करून घेणे भाग पडले. बुडख्याची किंमत प्रथमच रोख पैशात मोजली जाऊ लागली.

बुडखा काढण्याची साधने मात्र जुनीच राहिली. भोवताली खड्डा खणायचा, उघडी पडलेली आडवी मुळे कुऱ्हाडीने तोडायची, पहारीने बुडखा हलवायचा आणि शेवटी साखळी लावून बैलांकरवी ओढायचा, असा हा क्रम असे. बैलजोडी सातत्याने जी ओढ देऊ शकते ती तिच्या वजनाच्या सुमारे एक-दशांश असते. म्हणजे आठशे किलो वजनाच्या जोडीची ओढ साधारण ऐंशी किलो. एका मोठ्या बाभळीच्या सोटमुळापुढे हे बळ तोकडेच. म्हणून खरे काम माणसाच्या खोदण्यानेच होई. या कष्टाचा मोबदला अनेकदा बुडख्याच्या लाकडातच दडलेला असे. सरपण किंवा कोळशासाठी ते लाकूड नेणारा मजूर कमी रोख मजुरीवर काम करी. सरपणाची ही गरज जसजशी रॉकेल व गॅसने भागविली, तसतसा हा जुना व्यवहार मोडत गेला. बुडखा काढण्याचे काम कोणी स्वस्तात करीना, आणि यंत्राची गरज तीव्र झाली, यामागे हेही एक कारण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रबळाने जमीन साफ करण्याचा पहिला मोठा प्रयोग शासनाने केला. अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या ट्रॅक्टरांच्या आधारे केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली आणि मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी नांगरण्याचे काम तिने हाती घेतले. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला कृषियंत्रांसाठी दिलेले एक कोटी डॉलरचे कर्ज याच कामासाठी होते. शेतकरी येथे यंत्राचा मालक नव्हता, लाभार्थी होता. विस्तीर्ण, सलग पडीक क्षेत्रासाठी हे साधन योग्य होते. बांधांनी विभागलेल्या लहान शेतांसाठी त्याचा उपयोग मर्यादित होता.

कालवा, द्राक्ष आणि सरळ रेषा

नाशिकच्या शेतीची दिशा बदलली ती पाण्यामुळे. नांदूरमध्यमेश्वर येथील बंधारा आणि १९१६ च्या सुमारास पूर्ण झालेले दारणा धरण यांच्यामुळे गोदावरीचे कालवे वाहू लागले. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, विहीर-बागायत वाढली. मोटेची जागा तेलाच्या इंजिनाने आणि नंतर विजेच्या पंपाने घेतली. १९२५ च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षलागवडीचा आरंभ केला, असे मानले जाते. पुढे थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीने निफाड व दिंडोरी तालुक्यांचे अर्थकारणच पालटले.

द्राक्षबागेने शेतात सरळ रेषा आणली. कुळवाच्या शेतात झाड कोठेही असले तरी चाले. बागेत वेलींच्या ओळी, लोखंडी खांब, तारा आणि ठिबकच्या नळ्या यांची आखणी काटेकोर लागते. वेल लावण्यासाठी दोन-अडीच फूट खोलीची चर सलग खणावी लागते. तिच्या मार्गात एखादा बुडखा आला तर चर वळविता येत नाही. जुन्या मुळांवर सूत्रकृमी व बुरशी टिकून राहतात, म्हणून ती नव्या वेलीसाठी धोक्याची असतात. शिवाय वेलीचेही आर्थिक आयुष्य मर्यादित असते. काही वर्षांनी उत्पन्न घटू लागले की जुनी बाग मोडून नवी लावावी लागते; खारट पाण्याच्या व जमिनीच्या प्रश्नामुळे खुंटरोपांवरील लागवड रूढ झाल्यावर तर जुन्या बागा मोठ्या प्रमाणावर बदलल्या गेल्या. अशा प्रकारे जमीन-सफाई हे आयुष्यात एकदा करावयाचे काम राहिले नाही. ते ठराविक काळाने परत येणारे काम झाले. घरच्या साधनाची कल्पना रुजण्यास हीच परिस्थिती अनुकूल ठरते.

शेडमधून जन्मलेले यंत्र

ट्रॅक्टरला बॅकहो जोडणे ही गावठी तडजोड आहे, असा एक समज आढळतो. इतिहास याच्या उलट सांगतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हेनो होलोपाइनेन आणि रॉय हँडी यांनी १९४७-४८ मध्ये शेतीच्या ट्रॅक्टरला जोडता येणारा द्रवचालित बॅकहो तयार केला. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये भाड्याच्या लहानशा गॅरेजमध्ये, युद्धातून उरलेल्या सामानापासून ट्रॉली बनवून धंदा सुरू केला आणि १९५३ मध्ये ट्रॅक्टरवर आधारलेले आपले पहिले खोदणीयंत्र बाजारात आणले. कारखान्यातच एकसंध बांधलेला बॅकहो-लोडर अमेरिकेतील केस कंपनीने १९५७ मध्ये आणला. म्हणजे जोडसाधन आधी आले आणि एकसंध यंत्र नंतर. भारतात १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत जेसीबीचे उत्पादन सुरू झाले. मराठीत आता ‘जेसीबी’ हे कंपनीचे नाव न राहता कोणत्याही खोदणीयंत्राचे सामान्यनाम झाले आहे.

नाशिकमध्ये असे साधन घडविण्यास लागणारे कौशल्य कोठून आले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर सातपूर, अंबड येथील वसाहती वाढल्या. १९६४ मध्ये ओझर येथे विमानांचा कारखाना उभा राहिला. पुढे मायको (आजची बॉश) आणि महिंद्र यांचे कारखाने आले. या कारखान्यांभोवती लेथ, बोअरिंग, वेल्डिंग आणि गिअर-कटिंगची शेकडो लहान दुकाने उभी राहिली. शेतकरी कुटुंबातील एक मुलगा कारखान्यात आणि दुसरा शेतात, अशी विभागणी अनेक गावांत झाली. सूक्ष्म मापाची आणि जोडकामाची जाण अशा रीतीने शिवारापर्यंत पोहोचली. द्राक्षबागेवर औषध फवारणारे ट्रॅक्टरचलित ब्लोअर स्थानिक कार्यशाळांत तयार होऊ लागले, हे याचे सर्वपरिचित उदाहरण. सटाणा परिसरातील शेतकरी राजेंद्र जाधव यांनी ट्रॅक्टरवरील फवारणीयंत्राच्या अनुभवातून २०२० च्या महामारीत रस्ते व वस्त्या निर्जंतुक करणारे यंत्र तयार केले आणि त्याची दखल देशपातळीवर घेतली गेली. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांचे सायकलच्या चाकावरील कोळपे हेही याच परंपरेतील.

बॅकहोची रचना तत्त्वतः सोपी आहे. मुख्य भुजा, पुढची भुजा आणि बादली असे तीन सांधलेले भाग व ते उजवी-डावीकडे फिरविणारा खांब, या प्रत्येकाला द्रवचालित सिलिंडर जोडलेले असतात. आठ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर असते; तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो ठेवला तर तो सुमारे साडेसात टन बल देतो. भुजांच्या लांबीच्या गुणोत्तरानुसार बादलीच्या दात्यांपर्यंत हे बल बरेच घटते, तरीही ते बैलजोडीच्या ओढीच्या अनेक पट राहते. ट्रॅक्टरच्या शक्तिग्राही दांड्याची गती मिनिटाला ५४० फेरे असते. तेलपंपाला ती अपुरी पडते, म्हणून मध्ये गती तिपटीच्या आसपास वाढविणारी गिअरपेटी बसवावी लागते. तेलटाकी, गाळणी, दिशा बदलणाऱ्या झडपा आणि जादा दाब सोडून देणारी सुरक्षा झडप यांनी ही यंत्रणा पूर्ण होते. बादलीच्या दात्यांसाठी मालमोटारीच्या स्प्रिंगचे जुने पाटे उपयोगी पडतात; हेच पोलाद गावचा लोहार विळा-कोयत्यासाठी वापरीत आला आहे.

बुडखा काढण्याची पद्धत मात्र जुनीच आहे. अनुभवी चालक बुडखा थेट उपटत नाही. तो आधी तीन-चार बाजूंनी माती काढतो, आडवी मुळे दात्यांनी तोडतो, मग एका बाजूने खाली शिरून सोटमुळासह बुडखा कलंडवितो. पहार घेतलेला मजूर हाच क्रम पाळत असे. यंत्राने बळ दिले. युक्ती मजुराची राहिली.

मोठे यंत्र भाड्याने मिळत असताना लहान जोडसाधनाची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर शेताच्या मापात आहे. वेलींच्या ओळींतील अंतर साधारण नऊ-दहा फूट. वर तारा आणि खांब. सात-आठ टन वजनाचे यंत्र तेथे वळत नाही, आणि ओल्या काळ्या जमिनीवरून गेले तर माती दाबून टाकते. शिवाय भाड्याचे यंत्र शेतकऱ्याच्या सोयीने येत नाही. छाटणीच्या हंगामात तर सर्वांना ते एकाच वेळी हवे असते. घरच्या ट्रॅक्टरला जोडलेले साधन हळू चालते, पण मालकाच्या वेळेनुसार चालते.

बळ, धोका आणि जबाबदारी

तथापि या साधनांचा गौरव करताना त्यांचे धोके नजरेआड करता येत नाहीत. ट्रॅक्टरच्या तीन-बिंदू जोडणीची कल्पना नांगर ओढण्यासाठी विकसित झाली. खोदणीचे उलटसुलट धक्के सोसण्यासाठी नव्हे. केवळ तिच्यावर बॅकहो टांगला तर मुळांच्या प्रतिकाराने संपूर्ण साधन वर उचलले जाऊन चालक त्याच्या व ट्रॅक्टरच्या आसनाच्या मध्ये सापडू शकतो. ट्रॅक्टरचा मागील भाग म्हणजे त्याची गिअरपेटीच असल्याने तिला तडे जाण्याचीही भीती असते. म्हणून पुढच्या धुरीपर्यंत जाणारी स्वतंत्र चौकट, दोन्ही बाजूंचे टेकू-पाय आणि पुढे पुरेसे वजन या गोष्टी आवश्यक ठरतात. बुडख्याला साखळी लावून ती आसापेक्षा उंच बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटतो, हा धोकाही सर्वज्ञात आहे.

भारतात कृषियंत्रांच्या चाचणीची व्यवस्था आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र पन्नाशीच्या दशकापासून कार्यरत आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. पण ही व्यवस्था मुख्यतः कारखानदाराला डोळ्यांसमोर ठेवून उभी आहे. एका शेडमध्ये एकच साधन घडविणाऱ्या कारागिराला तिचे दार सहसा ठोठावता येत नाही. मळणीयंत्रांत हात गमावलेल्या मजुरांच्या अनुभवानंतर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम झाला, याचे स्मरण येथे उचित ठरेल. कायदा अपघातांच्या मागून आला. शेडमधील यंत्राबाबत तसे होऊ नये.

दुसरा प्रश्न झाडांचा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, आंबा, मोह, हिरडा यांसारखी अनुसूचित झाडे तोडण्यास परवानगी लागते. तोडलेल्या झाडाचा बुडखा जमिनीत राहिला तर अनेक जातींना पुन्हा फूट येते. तो निघाला की ती शक्यता संपते. पहारीच्या काळात कष्ट हाच झाडाचा संरक्षक होता. तीन दिवसांची मेहनत वाचविण्यासाठी शेतकरी बांधाच्या कडेचा बुडखा तसाच राहू देई. आज ते काम अर्ध्या तासाचे झाल्याने बुडखा ठेवायचा की काढायचा, हा निर्णय आता कष्टाने नव्हे तर विवेकाने करावा लागतो. ज्या बाभळीने नांगराला लाकूड पुरविले तीच बाभूळ आज बांधावरून समूळ जात आहे, आणि तिच्याबरोबर बांधाची माती धरून ठेवणारी मुळेही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, बुडखा काढण्याच्या साधनांचा इतिहास हा केवळ तांत्रिक प्रगतीचा आलेख नाही. राबाच्या शेतीत बुडखा ही ठेव होती. कुळवाच्या शेतीत ती सोसण्याजोगी अडचण होती. लोखंडी नांगराने तिला खर्चाचे रूप दिले आणि द्राक्षाच्या सरळ ओळीने तिला शेतातून हद्दपार केले. प्रत्येक टप्प्यावर लागणारे बळ कोणाच्या हाती होते — मजुराच्या, शासनाच्या, भाड्याच्या यंत्रमालकाच्या की शेतकऱ्याच्या स्वतःच्या — यावर शेतीतील स्वायत्तता अवलंबून राहिली. शेडमध्ये घडविलेला बॅकहो हे बळ पुन्हा शिवारात आणतो, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

किर्लोस्करांच्या नांगराची नोंद झाली, कारण त्यामागे कारखाना, मासिक आणि संस्था उभ्या राहिल्या. गावच्या कार्यशाळेतील कारागिराची नोंद होत नाही. त्याचे रेखाचित्र जमिनीवर खडूने काढलेले असते आणि काम संपताच पुसले जाते. नाशिकमधील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी व अभियांत्रिकी शाखांनी एकत्र येऊन अशा साधनांची मापे, घडणीच्या पद्धती, बिघाड व अपघात यांची पद्धतशीर नोंद केली, तर स्थानिक इतिहासाला नवे साधन मिळेल. त्याचबरोबर कारागिराला सुरक्षित रचनेचा सल्लाही जवळच मिळेल. या दोन्ही गोष्टींची आज सारखीच निकड आहे.